झाकणाखालची पिशवी

आबा, तुम्ही गेलात त्या दिवशी मी रडले नाही, हे आधीच सांगते. बायका माझ्या तोंडाकडं बघत होत्या आणि मला खाली गॅरेजात अर्धी उकललेली ट्रॅक्स जीप दिसत होती. गिऱ्हाईक संध्याकाळी येणार होतं.

चौथीतून काढून तुम्ही मला कुपवाडच्या ह्याच शेडमध्ये रॉकेलच्या घमेल्यापुढं बसवलंत, पार्ट धुवायला. पुढं काम शिकवलंत, तेही तुमच्या पद्धतीनं. चांगली चालती जीप घ्यायची, आपणच तिच्यात खोड करून ठेवायची आणि म्हणायचं, शोध. सापडेपर्यंत जेवण नाही. एकदा सायलेन्सरमध्ये चिंधी कोंबलीत. मी प्लग काढले, अख्खा कार्बोरेटर उकलला. तुम्ही समोर बसून ठेचा-भाकरी खाताय, मी बघतेय. मग कामावरच्या पोरांदेखत दोन बोटांनी चिंधी ओढून काढलीत. "डोळं हायती का शर्टाची बटणं?" पोरं हसली. त्यातल्याच एकाला पुढं तुम्ही मला देऊन टाकलंत.

आता शेड मी चालवते. यंदा साताऱ्याचा एक रिटायर सुभेदार जुनी स्पोर्ट्स कार घेऊन आला, बसकी, दोन सीटांची.

"बाई, साताऱ्यातनं वाऱ्यागत सुटती. कऱ्हाड सोडलं की एकदम दम टाकती. पाय तळाला टेकवला तरी म्हसरागत चालती. च्या पिऊन आलो की परत झ्याक."

"किती जणांनी हात घातलाय?"

"लय जणांनी. पंपबी बदलला."

मी आधी पेट्रोलच्या टाकीचं झाकण फिरवलं. फुस्स करून हवा आत ओढली गेली. झाकणाखाली दुधाची पिशवी. रबर झिजलं, पेट्रोलचा वास येतो, म्हणून सुभेदारानं लावलेली. आपल्याकडं सगळेच लावतात. पण त्या झाकणाला हवेचं बारीक भोक असतं, ते बुजलं. पेट्रोल संपत जाईल तशी टाकी आतून ओढून धरते, पंपाला काही मिळत नाही. गाडी थांबली की कुठून तरी हवा शिरते. एवढंच दुखणं.

सुभेदाराला एसटीनं परत पाठवलं. पिशवी होती तशी लावली, झाकण आवळलं आणि लेकीला हाक मारली. ती आयटीआय झालेली, माझ्याच हाताखाली तयार झालेली. शेड तिलाच द्यायची होती. म्हटलं, बघू तरी.

"शोध."

तिनं प्लग बघितले, फिल्टर बदलला, मिरजेच्या रस्त्याला चकरा मारल्या. दुपारी हात धुऊन डब्याकडं आली. मी डबा माझ्याकडं ओढला.

"सापडलं?"

"न्हाई."

"मग हात कशाला धुतलंस?"

आणि तिच्यासमोर जेवले. तुमच्यासारखीच, सावकाश.

ऊन कलल्यावर गाडी फाटकातच दम टाकत आली. ती उतरली ती थेट झाकणाकडं गेली. फुस्स आवाज मलाही ऐकू आला. पिशवी उजेडात धरून ती बराच वेळ बघत राहिली.

"आई, ह्याच्यावर ग्रीसची बोटं हायती. सुभेदाराची न्हाईत ही."

मी बोटं फडक्याला पुसली.

"तुला ठावं हुतं. आन तू जेवलीस."

"माझा बाप असंच शिकवायचा. म्हणून आज दोन घास खातोय आपण."

"मग जा त्याच्याकडंच," ती म्हणाली. पिशवी माझ्या हातात दिली आणि स्कूटी काढली.

आता ती साताऱ्यात गाड्यांच्या कंपनीच्या शोरूममध्ये कामाला आहे. फोन उचलत नाही. शेड मी कुणाला द्यायची, सांगा. तुम्ही मला मोडलंत तरी मी तुमच्या दारातच राहिले, कुठं जाणार होते? तिला जायला जागा होती. मला तुमची चिंधी सापडली नव्हती. तिला पिशवीही सापडली आणि ती लावणारी मीही सापडले.

हे पत्र कुठं टाकणार, टाकणारच नाही. खरं सांगायचं तर तिलाच लिहायला बसले होते. वर तुमचं नाव घातलं, कारण तुम्ही उलटून बोलत नाही.