आई क्लायंट झाली

३ जानेवारी

पुन्हा नापास! लेखी परीक्षेत नाही. लेखीत मी वर्गात पहिली. कर, विमा, निवृत्तीचं नियोजन, सगळं तोंडपाठ. नापास कशात, तर 'क्लायंटशी संवाद' यात! इतकी वर्षं विमा कंपनीच्या ऑफिसात मी काय भिंतींशी बोलले? मॅडम म्हणाल्या, "तुम्ही समोरच्याला प्रश्न विचारता आणि उत्तरही तुम्हीच देता." तेही सगळ्यांसमोर. मागून कुणीतरी फिसकन हसलं. टायच असणार.

टाय म्हणजे तो पोरगा. माझ्या निम्म्या वयाचा. संध्याकाळच्या वर्गालाही टाय लावून येतो. त्याला साधं चक्रवाढ व्याज नीट समजावता येत नाही. पण मॅडम म्हणतात, "हा ऐकतो बघा." ऐकतो! डोकं रिकामं असलं की ऐकायला जागा भरपूर असते.

घरी येऊन आईला सांगितलं. ती म्हणाली, "हं."

५ जानेवारी

या "हं"चा मला वीट आलाय. बाबा गेल्यापासून घरात आम्ही दोघीच, आणि त्यातली एक "हं" म्हणते. भाऊ लांब, त्याच्या संसारात. रविवारी फोन करतो. "ताई, आईकडे बघ हं." बघतेच आहे की! दुसरं केलंय काय मी? लग्न जमत आलं होतं, तेव्हा आईकडे बघायचं होतं. दोनदा बढती आली, पण बदलीवर. तेव्हाही आईकडेच बघायचं होतं. आता या वयात पोरासोरांच्या वर्गात बसून हा पदव्युत्तर अभ्यास करतेय, तो तरी का? प्रमाणपत्र हातात आलं की घरूनच लोकांना पैशांचा सल्ला देता येईल. आईला सोडून जावं लागणार नाही.

कुणी विचारत नाही, मला काय हवंय.

१९ जानेवारी

मॅडमनी नवी टूम काढलीय. सरावासाठी नकली क्लायंट! घरातली वडीलधारी माणसं आणायची. त्यांना एक कागद मिळणार: वय, घर, मुलंबाळं. बाकी त्यांनी आपल्या मनानं बोलायचं. थोडं मानधन, चहा-बिस्किटं.

घरी गंमत म्हणून सांगितलं. आई म्हणाली, "मी येते."

मी हसलेच. "आई, तिथे बोलावं लागतं."

"बोलेन की."

२ फेब्रुवारी

गेली पण! इस्त्रीचे कपडे, केस नीट बसवलेले. आपल्या माणसाची मुलाखत आपण घ्यायची नाही असा नियम, म्हणून मी दुसऱ्या खोलीत, एका निवृत्त ड्रायव्हरसमोर. त्यांना सगळी योजना इतकी छान समजावली! शेवटी ते म्हणाले, "बाई, मला बाथरूमला जायचंय हो. केव्हाचा हात वर करतोय."

हसावं की रडावं!

बाहेर आले तर टाय धावत आला. "ताई, तुमच्या आई कसल्या भारी बोलतात!"

माझी आई?

९ फेब्रुवारी

आज परत तिलाच बोलावणं. पोरं म्हणे तिच्यासाठी भांडतात. येताना बसमध्ये विचारलं, "एवढं काय बोलतेस तिथे?"

"कागदावर असतं तेच."

आणि खिडकीबाहेर बघत बसली. मला राग यायचं काही कारण नव्हतं. पण आला.

१० फेब्रुवारी

जेवताना एक शब्द नाही. बहुतेक आता मानधनाशिवाय बोलत नसेल.

२३ फेब्रुवारी

लिहू की नको असं झालंय. पण लिहिलं नाही तर डोकं फुटेल.

आज टायची मुलाखत सगळ्या वर्गासमोर होती, आणि मॅडमनी मला मागे बसवलं. "आज तुम्ही नुसतं ऐकायचं. मधे बोलायचं नाही." समोर आई, माझ्याकडे पाठ करून. तिच्यापलीकडे टाय. तिला दिलेला कागद माझ्याही हातात होता. सत्तरीच्या बाई, नवरा वारलेला, स्वतःचं घर, एक मुलगा. बस. मुलगी त्या कागदावर कुठेच नाही.

टायनं घराचं विचारलं, औषधपाण्याचं विचारलं. मग म्हणाला, "आजी, हे झालं सगळं. पण तुम्हाला स्वतःला काय हवंय?" आणि गप्प बसला. मी असते तर एव्हाना तीन पर्याय सांगून झाले असते. हा ठोंब्या नुसता बसून राहिला.

आई म्हणाली, "मला एकटीनं राहायचंय."

"मुलाकडे नाही?"

"मुलगा नाही हो. मुलगी. मी मुलीजवळ राहते."

मी कागद पुन्हा पाहिला.

"त्रास देतात का त्या?"

"छे! फार करते ती माझं. इतकं करते, की मला करायला काही उरतच नाही. भाजी तिनं आणायची, गोळ्या तिनं काढून द्यायच्या, खिडकी कधी उघडायची तेही तिनं ठरवायचं. आणि जगाला सांगते, मी आईसाठी थांबले." आईनं हातातला कागद उलटा ठेवला. "तिच्या लग्नाच्या वेळी मी थांब म्हटलं नव्हतं. बदलीच्या वेळीही नाही. कुठे जायची भीती वाटली, की ती माझं नाव पुढे करते. ऐकून ऐकून आता मलाच वाटायला लागलंय, की हिचं आयुष्य मी खाल्लं. हे ओझं मला नकोय, बाळ. थोडे दिवस राहिलेत, ते हलक्या अंगानं काढायचेत. तुझ्या नियोजनात बसतंय का बघ."

टायनं डोळे पुसले. मेल्याला रडायला काय झालं! मॅडमनी टाळ्या वाजवल्या. "याला म्हणतात क्लायंट मोकळा होणं!"

सगळ्या वर्गानं टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. न वाजवून सांगते कुणाला?

२४ फेब्रुवारी

तिच्या गोळ्या काढून ठेवल्या नाहीत. तिनं आपल्या आपण काढून घेतल्या.

२६ फेब्रुवारी

शेवटी विचारलंच. ती वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती.

"त्या दिवशीचं ते माझ्याबद्दल होतं ना?"

वाटलं, म्हणेल, वेडी का काय तू, नाटक होतं ते! त्या वाक्यासाठी कान टवकारून उभी होते मी.

"हो," म्हणाली. आणि टॉवेलची घडी घातली.

तळपायाची आग मस्तकात गेली. मग बोलायचं नाही ते सगळं बोलले. माझी वर्षं काढली, भावाचं सुख काढलं, बाबांचं दुखणं काढलं. तुझ्यासाठी केलं, तुझ्यासाठी केलं. घसा बसला. ती घड्यांचा ढीग उचलून कपाटाशी गेली. जाताना एवढंच म्हणाली, "आता माझ्यासाठी नको करूस."

१ मार्च

लांबच्या शहरातली एक सल्लागार कंपनी आमच्या वर्गातून माणसं घेणार आहे. यादीत नाव घालायचा प्रश्नच नव्हता. आज घातलं. निव्वळ रागानं.

मॅडमनी भुवया उंचावल्या. "आणि आईंचं काय?"

"त्यांना एकटीनं राहायचंय," म्हटलं. "तुम्हीच टाळ्या वाजवल्यात की!"

१२ मार्च

झाली निवड! कशी, ते कुणाला सांगायची सोय नाही. त्यांनी एक माणूस समोर बसवला. त्याला बोलतं करा म्हणाले. माझं डोकं इतकं पेटलेलं होतं की तोंडातून शब्द फुटेना. काहीतरी विचारलं आणि बसून राहिले. तो आपला बोलतोय, बोलतोय. बायको, दुकान, गुडघे, जावई. शेवटी माझे आभार मानून गेला. आणि माझ्या नावापुढे शेरा काय, तर 'उत्तम श्रोता'!!

दोन वर्षं ज्याच्यासाठी रक्त आटवलं, ते रागात बसून मिळालं.

१४ मार्च

भावाचा फोन. "ताई, आईला असं एकटं टाकून जाणार तू?"

"मग तू ने," म्हटलं.

रेंज गेली म्हणे.

२९ मार्च

बॅग तिनंच भरली. मी गोळ्यांच्या वेळा सांगायला लागले, तर म्हणाली, "मला वाचता येतं." स्टँडवर येऊ का म्हणाली. मी नको म्हटलं. तिनं आग्रह केला नाही. एकदा तरी करायचा! जिना पुरता उतरलेही नव्हते, तोवर वर दार लागल्याचा आवाज आला.

रडली असेल? मला नाही वाटत. इथे खोलीत बसून मी मात्र रडतेय. असो. खोली बरी आहे. खिडकीसमोर भिंत.

१७ एप्रिल

इथे कुणाला माझी पडलेली नाही. उशिरा आले तरी कुणी विचारत नाही, आले नाही तरी विचारणार नाही. आज एका जोडप्याला बसवलं होतं. नवरा एकटाच बोलत होता. मी बायकोकडे वळून विचारलं, "आणि तुम्हाला काय हवंय?" बाईनं आधी नवऱ्याकडे पाहिलं. मग तासभर बोलली. साहेब खूश. मला परत येताना कसंतरीच झालं.

आईचा फोन. नळ गळत होता, प्लंबरला घासाघीस करून कमी पैशांत पटवलं, शेजारणीबरोबर बागेत गेली होती, खिडक्या दिवसभर उघड्या ठेवते. किती बोलते ही!

मी "हं" म्हणाले.

४ मे

टायचा फोन. संवादातही अखेर पास झालेय मी; माझं प्रमाणपत्र त्यानं ताब्यात घेतलंय, पाठवतोय. म्हणाला, "आजी अजून येतात हं. नव्या बॅचची पोरं वेडी झालीत. दर वेळी नवी गोष्ट! कधी मुलगा विमान चालवतो, कधी सून छळते. मुलीची ती गोष्ट मात्र त्या एकाच दिवशी. नंतर कितीदा म्हटलं, ती सांगा ना, तर नाही म्हणतात."

मग सहज म्हणाला, "बाकी ताई, त्या दिवशी तुम्हाला मागे बसवा असं आजींनीच मॅडमना सांगितलं होतं. तुम्हाला माहीतच असेल."

मी हो म्हटलं.

म्हणजे तिला ठाऊक होतं, पाठीमागे मी आहे. ठाऊक असूनही ती ते सगळं बोलली – नाही. म्हणूनच बोलली.