डाळमिलच्या भिंतीवरचं सील

॥ ॐ नमः शिवाय ॥
औसा, ता. ६ जुलै २०२५

चि. अंबिका हिस मलप्पाचे अ. आ. वि. वि.

इथं समदे बरे हायेत. तुझी आई गुरम्मा माझ्याकडं राहायला आल्यापसून गुडघ्याची तेवढी कुरकुर करती, जेवण मात्र चांगलं हाय. सोयाबीन उगवलंय. एवढी खुशाली पुरे.

आता मुद्द्याचं. काल तुझा फोन आलता तवा गुरम्मानं तो माझ्या कानाला लावला. पण चाळीस वर्षं डाळमिलीत फिटरकी केलेल्या माणसाच्या कानाला फोन मंजी नुसती माशी. मग गुरम्मानं वरडून सांगितलं. मला एवढंच कळलं की तू कॉलेजात ते टर्बाइनचं सील बनवलंस, त्याची मुंबईत परीक्षा चालू हाय आन साहेबानं कागद उलटा धाडलाय. गुरम्मा मनती नापास झालं. मी मनलो, आपल्या घरात मी एकटा सातवी नापास, तेवढ्यावर भागायला पायजे होतं.

मला ह्यातलं काय बी कळून राहिलं न्हाई. परीक्षा तुझी हाय का सीलची? साहेबानं सील हातात घिऊन बगितलं का? गुरम्मा मनती त्येच्याकडं नुसता नकाशा हाय. मशीन न फिरवता नापास करणारा साहेब मंजी झाकण न काढता भाजी अळणी मनणारा पावणा. आन हैदराबादच्या कंपनीचं काय? ते बी ह्याच्यावर अडकलंय का?

समदं पत्रात लिही, मोठ्या अक्षरात. फोन करू नको.

माया हाय तशी राहू दे.
तुझा मामा,
मलप्पा


विष्णुपुरी, नांदेड, ता. १३ जुलै २०२५

ती. मामांना शरणार्थ, सा. न. वि. वि.

अक्षर मोठं काढलंय. तरी वाचता आलं नाही तर आईकडून वाचून घ्या, पण तिला मधे तिखटमीठ लावू देऊ नका.

परीक्षा माझी नाही, सीलचीच आहे. गॅस जाळून जे टर्बाइन फिरतं त्याचा दांडा मिनिटाला हजारो फेरे घेतो. दांडा फिरतो आणि भोवतालचं घर जागच्या जागी असतं. मधल्या फटीतून दाबलेली हवा निसटते आणि ताकद वाया जाते. ती अडवायला मी पातळ पट्ट्यांचं कडं काढलंय. पट्टीचं टोक मागं वळलेलं आहे, त्यामुळं दांडा थरथरला तरी टोक रुतत नाही, वर सरकतं. यावर मी पेटंट मागितलंय, म्हणजे हे माझं आहे असा सरकारी कागद.

साहेब हे चालतं का, यापेक्षा नवं आहे का ते बघतात. जगात कुणी आधी असलं केलंय का ते शोधतात. त्यांना परदेशातलं एक जुनं सील सापडलं. म्हणजे नापास नाही, शंका काढल्यात. त्या सीलच्या पट्ट्या सरळ आहेत, माझ्या वाकलेल्या आहेत. माझं सगळं उत्तर त्या वाकण्यावर उभं आहे. डिसेंबरपर्यंत मुदत आहे.

हैदराबादची कंपनी त्यांच्या टर्बाइनवर हे बसवून बघायला तयार आहे, आणि ते काम माझ्याच हाती देणार आहे. पण पेटंट मिळालं तरच. मामा, चार वर्षं मी इथं हंगामी शिकवतेय, दर जूनमध्ये पुन्हा घेतील का नाही याची वाट बघते. एवढं एक दार किलकिलं झालंय.

तुम्ही काळजी करू नका. आणि काही करूही नका.

आशीर्वादाचा हात डोक्यावर असावा.
तुमची,
अंबिका


॥ ॐ नमः शिवाय ॥
औसा, ता. २७ जुलै २०२५

चि. अंबिका हिस अ. आ. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. काय करू नको मनलीस ते वाचलं. पण तुला कोर्टकचेरीचं काय ठावं? साहेब लोकाला पुरावा लागतो. शिकल्याली माणसं नुसतं पानं भरत बसत्यात. मी काम करून मोकळा झालो, आता तू निवांत जेव.

तुला आठवत असंल, दोन वर्षामागं बसवजयंतीला तू आलतीस तवा ते सीलचं चित्र इथं ठिवून गेलतीस. मी पितळंच्या पट्ट्या कापून तसंच कडं बनवलं आन लातूरला सिद्रामप्पाच्या डाळमिलीत, मोठ्या पंख्याच्या दांड्याला बसवलं. त्या दांड्यापसून डाळीच्या चुनीचा धुरळा लई उडायचा. आता बोटाला लागत न्हाई. आजपतोर ते कडं चालून राहिलंय.

आमच्या मिलीचा रिवाज तुला ठावा हाय. कोणी फिटरनं नवं काय बसवलं की त्याचं चित्र ऑइलपेंटनं भिंतीवर काढायचं, खाली नाव आन तारीख घालायची, मंजी पुढच्या माणसाला उघडाय-बसवायला अडचण न्हाई. तसं हे बी काढल्यालं हाय. ती भिंत बगून आणखी पाच मिलीच्या फिटरांनी आपापल्याकडं बसवलं.

तर मी काय केलं, त्या भिंतीचा फोटो काढून घेतला. एक पत्र लिवलं की हे सील मी स्वतः २ मे २०२३ पसून चालवून राहिलो, एकदम पास हाय. पाची फिटरांच्या सह्या घेतल्या, सिद्रामप्पाचा शिक्का मारला आन मुंबईला साहेबाच्या नावानं रजिस्टर केलं. पत्ता गुरम्मानं तुझ्या भावाकडनं काढला. आता कोणच्या तोंडानं नापास करतंय ते बगू.

हैदराबादला जायच्या आदी घरी यिऊन जा. जीव लावून हायेस तशी ऱ्हा.
तुझा मामा,
मलप्पा


विष्णुपुरी, नांदेड, ता. ४ ऑगस्ट २०२५

ती. मामांना शरणार्थ, सा. न. वि. वि.

तुमचं पत्र साहेबांनी नोंदवून घेतलंय. त्याची प्रत मला पाच दिवसांपूर्वी आली. मी ती चारदा वाचली आणि मग कॉलेजच्या आवारात नुसती फिरत राहिले.

मामा, तुम्ही माझ्या भल्यासाठी केलंत हे मला कळतं. पण यात उलटा न्याय आहे. मी अर्ज केला २१ ऑगस्ट २०२३ ला. तुमच्या भिंतीवर तारीख आहे २ मे. म्हणजे मी नवं म्हणून मागायच्या साडेतीन महिने आधी ते सगळ्यांसमोर चालत होतं. चार लोकांनी आधीच बघितलेली गोष्ट या कायद्यात नवी राहत नाही. ती किती चांगली चालते ते कुणी विचारत नाही. तुम्ही जितक्या सह्या जोडल्यात तितकं माझं सील जुनं झालं.

आमच्याकडं पेटंटचं काम बघणारे उमाशंकर सर आहेत, त्यांना विचारलं. ते म्हणाले एक वाट आहे. शोध लावणाऱ्याला न विचारता कुणी तो नेला आणि लोकांत उघड केला, तर त्याची शिक्षा शोध लावणाऱ्याला होत नाही. पण तसं त्या माणसानं बाँडवर लिहून द्यावं लागतं. म्हणजे तुम्ही लिहून द्यायचं की भाचीचा नकाशा मी तिला न विचारता घेतला, तिच्या नकळत बसवला आणि भिंतीवर काढला, तिला यातलं काही माहीत नव्हतं.

हे तुमच्याकडं मागायला मला चार दिवस लागले. तुम्ही नाही म्हणालात तर मी परत विचारणार नाही.

आईला यातलं सांगू नका.

तुमच्या मायेवर माझा हक्क आहे असं समजून लिहिते.
अंबिका


॥ ॐ नमः शिवाय ॥
औसा, ता. १० ऑगस्ट २०२५

चि. अंबिका हिस अ. आ. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं, मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं. तरी डोक्यात शिरत न्हाई. आमच्यात जे मशीन सहा मिलीत चाललं तेच खरं, आन तुमच्यात चाललं मनून बाद. लपवून ठिवल्यालं नवं आन कामाला आल्याल्याला जुनं मनायचं, असला कायदा कोणी काढला त्याला एकदा डाळमिलीत धाडून दे. असो. मला कळायची काय गरज न्हाई, तुझं काम व्हायची गरज हाय.

औशात तहसीलीसमोरून बाँड आणला. खाली सही केलीया, वरचं समदं कोरं सोडलंय. तुला पायजे ते लिही. चोर लिही, दरवडेखोर लिही. आता ह्या वयात मला कोण पोरगी दाखवायला येऊन राहिलंय मनून नावाला जपू.

पण एक ध्यानात ठिव, न्हाईतर साहेब तुला पकडंल. चित्र तू इसरून गेली न्हवतीस. तूच माझ्या हातात दिलतंस आन मनली होतीस, मामा, बसवून बगा की. मग ११ जूनला तू स्वतः मिलीत आलतीस. पंख्यापाशी तळहात धरून धुरळा येतो का ते बगितलंस. पट्टीचं टोक वाकडं कामून हाय मनून मला इचारलंस. मी सांगितलं, दांड्याचं बेअरिंग झिजल्यालं, दांडा थरथरायचा आन सरळ पट्टीची कड त्याला घासायची, मनून मी पकडीनं टोकं मागं वाकवली, विळ्याच्या शेंड्यावानी. तू मोबाइलवर फोटो घेतलास आन चहा न पिता नांदेडची गाडी धरलीस. हे सिद्रामप्पानं बगितलंय, हमालांनी बी बगितलंय. भिंतीवर दोन चित्रं हायेत, २ मेचं सरळ आन ९ जूनचं वाकडं. मनून जे लिहशील ते जपून लिही.

वाकण माझं हाय हे कुटं लिहू नको. उगं नसता घोळ. टर्बाइनचं सील तू काढलंस, मी निस्ती पकड चालवली.

गुरम्माला काय बी सांगितलं न्हाई. ती मनती तुझं तोंड असं कामून झालंय, मी मनलो दाढ दुखती.

दुरावा धरू नको.
तुझा मामा,
मलप्पा


विष्णुपुरी, नांदेड, ता. १७ ऑगस्ट २०२५

ती. मामांना शरणार्थ, सा. न. वि. वि.

तुमचा कोरा बाँड मी फाडला. तुकडे या पाकिटात घातलेत, म्हणजे तुम्हाला शंका नको.

तुम्ही मला जपून राहायला सांगितलंत. तुम्हाला वाटलं मी विसरले. मामा, मी विसरले नव्हते. गाडीत बसल्या बसल्या मी तुमच्या वाकलेल्या पट्टीवरून वहीत नवं चित्र काढत होते. उदगीर फाट्यापर्यंत मला कळलं होतं की सगळी किमया त्या टोकात आहे. दोन महिन्यांनी अर्ज भरला तेव्हा शोध लावणाऱ्याचं नाव लिहायच्या जागी दोन नावं मावत होती. मी एकच लिहिलं. मनाला समजावलं की मामाला यातलं काय कळणार, त्यांना सह्या आणि कागदांचा जाच कशाला. आणि मग भिंतीवरच्या तारखेचं मी कुणाशी बोललेच नाही, कारण बोलले असते तर ९ जूनचंही बोलावं लागलं असतं.

परवा उमाशंकर सरांना हे सगळं सांगितलं. त्यांनी अर्जाची फाईल पुन्हा उघडली. मग म्हणाले की खरं सांगणार असशील तर दुसरी वाट आहे. जे मशीन दार लावून तपासताच येत नाही ते शोध लावणाऱ्यांनी अर्जाच्या आधी वर्षभराच्या आत उघड्यावर चालवून बघितलं तर चालतं. तुम्ही चालवलंत, माझ्या सांगण्यावरून चालवलंत, चाचणी म्हणून चालवलंत. पण मग वाकण कुणाचं तेही सांगावं लागतं आणि तुमचं नाव माझ्या बरोबरीनं लावावं लागतं. एवढं करूनही साहेब मानतीलच असं नाही. न मानले तर सगळं गेलं.

हैदराबादला मी काल कळवलं. ते म्हणाले निकाल लागू द्या, मग बघू. आवाज पहिल्यासारखा नव्हता.

सोबत फॉर्म आहे. पेन्सिलीनं फुली मारलीय तिथं सही करा. बाकीच्या पाच मिलींनी सील कधी बसवलं त्याच्या तारखा लागतील. त्या माझ्या अर्जाच्या आधीच्या असतील तर ही वाटही बंद.

तुमचं मन माझ्यावरून उतरलं असेल तर तसं लिहा, पण लिहा.
अंबिका


॥ ॐ नमः शिवाय ॥
औसा, ता. २६ ऑगस्ट २०२५

चि. अंबिका हिस अ. आ. वि. वि.

फॉर्म मिळाला. फुल्या होत्या तिथं समद्या सह्या केल्यात. एका जागी शाई फुटली, तिथं परत केली. धंद्याच्या घरात फिटर लिवलं. गुरम्मा मनली रिटायर लिही. मी मनलो, परवाच सिद्रामप्पाच्या मिलीचा पट्टा जोडून आलो, रिटायर कसा.

पाची मिलीत मी स्वतः यष्टीनं फिरून तारखा बगून आलो. समद्यांनी त्या सालच्या दिवाळीनंतरच बसवलंय, मंजी तुझ्या अर्जाच्या मागून. प्रत्येकाच्या भिंतीवर तारीख हाय. फोटो धाडून राहिलो. ही वाट बंद न्हाई.

साहेबापुढं बोलायचं १८ सप्टेंबरला हाय मनून तू गुरम्माला फोनवर सांगितलंस. ते कंप्यूटरवर बोलणं मला ऐकू येणार न्हाई. साहेबाला मन, प्रश्न लिवून धाड. टोक कामून वाकवलं ते मी दोन वळीत सांगतो. पास करतील का नापास ते त्येंच्यापाशी. मी आदल्या दिवशी नांदेडला येतो, गुरम्मा बी येती मनती. तिला आता समदं ठावं हाय, मीच सांगितलं. ती तुझ्यावर दोन दिवस भडकल्याली हाय, तिसऱ्या दिवशी भाकरी-ठेचा बांधंल.

राहिलं मन उतरायचं. नावाचं मला काय बी वाटलं न्हाई. मामाला काय कळणार हे जे लिवलंस, ते लागलं. मी दोन दिवस तुझं पत्र उशाखाली ठिवून हिंडलो, राग धरावा का न्हाई तेच ठरंना. मग मनलो, पोरीनं खोटं कुटं लिवलंय. मला खरंच काय कळलं न्हाई, आजबी कळून राहिलं न्हाई. पण अंबे, तू त्या टायमाला निस्तं इचारलं असतंस तर मी मनलो असतो, माझं नाव कशाला, उगं घोळ, तुझं एकटीचं लाव. आन तुझं एकटीचं लागलं असतं. तू इचारलं न्हाईस मनून आता दोघांचं लागलं.

येताना पितळंचं एक कडं आणतो.
तुझा मामा,
मलप्पा