तिकिटावरची चार वये

शनि., १२ सप्टेंबर २०२०

यांच्याच डायरीत पुढे लिहीत आहे. ९ जुलैनंतर पाने कोरी आहेत. खताच्या दुकानातून दरवर्षी मिळते ती डायरी. हे रोज जेवणाआधी दोन ओळी लिहीत. पाणी कुठे दिले, फवारणी, मंडईत काय गेले.

आज आपल्या पाळीचा शेवटचा दिवस. मेथी व पालक भिजवले. विहीर सामाईक. सोम-मंगळ-बुध थोरल्या घरचे पाणी, गुरु-शुक्र-शनि आपले, रविवारी मोटर बंद. पाळी संपली की मोटरच्या पेटीची किल्ली खोपीच्या खांबाला खिळा आहे त्यावर लावायची. यांचे थोरले भाऊ, माझे भासरे, ती तिथून घेतात. नऊ वर्षे झाली, दोन घरांमध्ये बोलणे नाही. किल्ली तेवढी जाते-येते.

बँकेचे पासबुक शोधताना डायरीच्या प्लास्टिकच्या कव्हरात रेल्वेचे तिकीट सापडले. वाशीम ते तिरुपती, १८ एप्रिलचे. फेब्रुवारीत काढले होते, मग गाड्याच बंद झाल्या. मी विसरले होते.

तिकिटावर माणसे चार आहेत. आम्ही तर दोघेच जाणार होतो. नावे नाहीत, फक्त वये. पुरुष ६१, स्त्री ५७, पुरुष ५४, स्त्री ४९. खालचे दोन आम्ही. वरचे दोन कोण?

रवि., १३ सप्टें.

लेकीचा, शीतलचा फोन. ती म्हणते, बंद गाड्यांचे पैसे पूर्ण मिळतात. मोबाइलवर काढले असते तर आपोआप आले असते. खिडकीवरचे आहे म्हणून मूळ तिकीट नेऊन द्यावे लागेल. प्रवासाच्या तारखेपासून सहा महिने मुदत, म्हणजे १८ ऑक्टोबर.

वरचे दोघे कोण हे तिलाही माहीत नाही. मग तीच म्हणाली, माझे सासू-सासरे असतील, बाबा त्यांना न्यायचे म्हणत होते. मलाही पटले. व्याह्यांची नावे माणूस आपल्या वर लिहितोच.

मंगळ., १५ सप्टें.

केनवडला विहीणबाईंना फोन केला. चार जणांचे पैसे आपण एकट्याने कसे ठेवायचे, म्हणून. झाले उलटेच.

"आमाले तर कोणी इचारलंच नाही बाप्पा. इचारलं असतं त आलो असतो. अन् आता गाडी बंद झाल्यावर सांगून राह्यल्या तुमी."

शेवटी त्यांनीच समजून घेतले, पण शीतलला आठवडाभर ऐकावे लागणार. शिवाय व्याही अडुसष्टचे निघाले. आधी वय विचारायचे सुचले नाही.

शनि., १९ सप्टें.

सकाळी वाशीम स्टेशन. विजेची लाइन दुपारी येते, त्यामुळे पाण्याचे अडले नाही. मास्क, अंतर ठेवून रांग. माझ्यापुढे सात-आठ जण, सगळ्यांच्या हातात तसलीच जुनी तिकिटे.

उभी असताना सहज वजाबाकी केली. ६१ वजा ५४. सात.

सासूबाई यांच्याबद्दल नेहमी म्हणत, थोरल्याच्या मागे सात वर्षांनी गजू झाला, मधली दोन लेकरं गेली. इतक्या वेळा म्हणत की हे हसायचे. रांगेतच तिकीट पुन्हा काढून पाहिले. वरचे दोन थोरल्या घरचे.

खिडकीतला माणूस चांगला होता. चौघांचे एकच तिकीट आहे, पैसे चौघांचे एकदमच मिळतील म्हणाला. तिकीट काढणारे कुठे आहेत विचारले. सांगितले. जुलैत गेले म्हणून. मी नावांचे विचारले. म्हणाला, तिकिटावर नसतात, रद्द करायला घेतले की स्क्रीनवर येतात. करू का?

मी नको म्हणाले. तिकीट परत घेऊन आले. मागचा माणूस म्हणाला, "एवढा येळ उभ्या राह्यल्या अन् काहून चालल्या?" खरेच आहे.

रवि., २० सप्टें.

लिहून टाकते.

नऊ वर्षांपूर्वीचा उन्हाळा. कोबी करपत होता आणि आपल्या पाळीत मोटर थोरल्यांच्या वाफ्यात चालू. मी मंडईत चार बायांसमोर म्हणाले की माझी जाऊ चोरून स्टार्टर दाबते. ते घरोघर गेले. भासरे विचारायला आले तेव्हा यांनी माझी बाजू घेतली. त्या दिवसापासून बंद.

पंधरा दिवसांनी कळले की त्या आठवड्यात लाइनचे वेळापत्रक बदलले होते. त्याबरोबर पाळीचे दिवसही सरकले होते. जाऊबाईंच्या हिशोबाने पाळी त्यांचीच होती. हे मला कळले, यांनाही कळले. मी कोणाला बोलले नाही. हे एकदाच म्हणाले, "तू एक शब्द बोलली असती त झालं असतं." पुन्हा विषय काढला नाही.

आणि फेब्रुवारीत चार तिकिटे काढली. मला न सांगता. सांगितले असते तर मी काय म्हणाले असते, ते त्यांना माहीत होते.

जुलैत यांच्या अंत्यविधीला वीसच माणसे चालत होती. भासरे सख्खे भाऊ, पण पुढे आले नाहीत. बांधावर उभे होते, टोपी हातात. तेरा दिवस मी मळ्यात गेले नाही. चौदाव्या दिवशी गेले तर मेथीला पाणी दिलेले, निंदलेलेसुद्धा. किल्ली खिळ्यावर.

रवि., ४ ऑक्टो.

थोरल्या घरी जायचे दोनदा ठरवले, दोनदा वाटेतून परत आले. भासऱ्यांशी समोरासमोर बोलायची सवयच नाही. लग्न झाल्यापासून डोक्यावर पदर आणि नजर खाली. बोलणे असले तर यांच्यामार्फत. आता कोणामार्फत?

शी. म्हणते, आई, आधी पैसे घे, मग सावकाश सांग. तिचे व्यवहाराचे आहे. पण ज्या जागांचे त्यांना कधी सांगितलेच नाही, त्याच जागांचे पैसे आधी घ्यायचे, हे मला जमत नाही.

शनि., १० ऑक्टो.

पाळी संपली. किल्लीसोबत तिकीट प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिळ्याला लावले. मूळ तिकीटच. झेरॉक्स घरी आहे. आत चिठ्ठी ठेवली. तीन कागद फाडल्यावर ही जमली:

"हे तिकीट यांनी काढले होते. वरचे दोघे तुम्ही आहात. त्या वर्षी स्टार्टर जाऊबाईंनी चोरून लावला नव्हता. लाइनचे दिवस बदलले होते. मला ते तेव्हाच कळले होते. सुमन."

खांबापासून घरापर्यंत येताना दोनदा वाटले, काढून आणावे.

गुरु., १५ ऑक्टो.

किल्ली खिळ्यावर. पिशवी नाही. चिठ्ठीचे उत्तर नाही. वांग्याला पाणी दिले.

रवि., १८ ऑक्टो.

मुदतीचा शेवटचा दिवस. शी. रागावली, मूळ तिकीट कोणी असे देते का म्हणून. बरोबर आहे तिचे. दिवसभर फाटकाकडे लक्ष. कोणी आले नाही.

गुरु., २२ ऑक्टो.

खोपीजवळ जाऊबाई उभ्या होत्या. हातात कोथिंबिरीच्या जुड्या. मी थांबले. त्या माझ्याकडे न पाहता जुड्या बांधत होत्या.

"एवढं लेहाले नऊ वर्षं लागले वं सुमन तुले?"

मी हो म्हणाले.

"मंडईत बोलली होती ना? आता मंडईतच बोल. कागदावर नोको."

भासरे विहिरीच्या काठावर बसले होते. माझ्याशी बोलायचे ते जाऊबाईंना म्हणाले, मला ऐकू येईल असे. "तिले सांग, मी एकसष्टचा नाही, साठचा आहो. गजू लहानपणापासून माहं वय वाढवूनच सांगे."

"तुमी जन्मले तवा कोण घड्याळ घेऊन बसलं होतं," जाऊबाई म्हणाल्या.

ते हसले नाहीत. म्हणाले, तिकीट त्यांच्यापाशी आहे, मुदत गेली तर जाऊ दे. मग उपरणे तोंडावरून फिरवले व बांधावरून, धुऱ्याधुऱ्याने निघून गेले.

सोम., २६ ऑक्टो.

मंडई. नेहमीच्या बाया होत्या, त्या चारपैकी दोघी. तोंडावर मास्क होता म्हणून सोपे गेले की काय, पण बोलले. स्टार्टरचे, लाइनचे, सगळे. एक म्हणाली, "मले तर आठवतही नाही." जाऊबाई पलीकडे वांगी मोजत होत्या. ऐकत होत्या.

शनि., ९ जानेवारी २०२१

बरेच दिवस लिहिले नाही. पेपरात आले आहे, खिडकीवरच्या तिकिटांची मुदत सहाची नऊ महिने केली. म्हणजे आपली १८ जानेवारी. कात्रण किल्लीसोबत लावले.

गुरु., १४ जाने.

संक्रांत. यंदा दोन्ही घरी सण नाही.

सकाळी किल्ली घ्यायला गेले तर पिशवीही होती. तिकीट चार घड्या पडून मऊ झाले आहे, खिशात ठेवले असावे. कात्रणाच्या मागे भासऱ्यांचे अक्षर: "सोमवारी मोटर बंद ठेवतो. तिघे वाशीमला जाऊ. हे देऊन टाकू. गाडी सुरू झाली की दुसरे काढू."

हरभरा-गहू ऐन पाण्यावर आलेला असताना स्वतःच्या पाळीत मोटर बंद.

शनि., १६ जाने.

पाळी संपली. किल्ली लावली. तिकीट माझ्याजवळ आहे.

दोन दिवस एकच डोक्यात आहे. भासरे खरेच साठचे असतील तर? सासूबाईंच्या सात वर्षांवर मी सगळे उभे केले. सोमवारी तो खिडकीवाला रद्द करायला घेईल, नावे स्क्रीनवर येतील, आणि भासरे विचारणारच, माझ्या भावाने काय लिहिले ते वाचा. वरचे नाव दुसऱ्याचे निघाले तर?

शी.ला फोनवर विचारले. ती म्हणाली, मग जाऊच नका, तिकीट तसेच राहू द्या.

तसेही करता येईल. पण संध्याकाळी जाऊबाईंनी बांधावरून हाक मारून विचारले, सोमवारी किती वाजता निघायचे. मी साडेनऊ सांगितले.