शिवराईखालचा हिरवा

२ जानेवारी १९८५, निपाणी

देवाप्पाअण्णा सकाळी सकाळीच स्टुडिओत हजर! हातात पानाचा डबा. उघडला तर पानसुपारी नाही, नाणी! तांब्याच्या शिवराया, चांदीचे राणीछाप रुपये आणि कापसात गुंडाळलेला नखाएवढा सोन्याचा होन. अण्णा म्हणजे तंबाखूचे बडे व्यापारी, वखारीत त्यांचा आवाज रस्त्यापर्यंत येतो. पण नाणी काढताना आवाज एकदम खाली आला.

‘बेळगावात नाण्यांचं प्रदर्शन हाय, सत्तावीसला. खरी नाणी मी तितं मांडायचो न्हाय, कोण हात मारंल सांगता येत न्हाय. फोटो लावणार. मोठे. रंगीत!’ मग एक झिजलेली शिवराई वेगळी काढून म्हणाले, ‘ही आईच्या कनवटीची. हिचा फोटो सगळ्यात मोठा पायजे.’

नाण्यामागे रंग कुठले घ्यायचे, विचारलं. ‘त्ये तू बघ. नाणी माझी, रंग तुझं. तू फोटोग्राफर न्हवं!’

हो म्हणून बसलो. आणि अण्णा पायऱ्या उतरेपर्यंत पस्तावलो!

इथे लिहायला हरकत नाही, कागद कुणाला सांगत नाही. मला लाल आणि हिरवा ओळखता येत नाही. पिवळा कळतो, निळा कळतो. बाकी सगळी मंडळी एकाच मळकट घराण्यातली. चौथीत असताना झाडाची पानं लाल रंगवली होती. गुरुजींनी ते चित्र वर्गभर फिरवलं. त्यानंतर कुणाला म्हणून बोललो नाही. आई-आप्पांना नाही, बायकोला, जयालाही नाही. फोटोग्राफीत शिरलो तेच काळ्यापांढऱ्याच्या भरवशावर. उजेड आणि सावली यात मला कुणी हरवून दाखवावं! लग्नाचे रंगीत रोल मारतो, पण तिथे शालू नवरीनं निवडलेला असतो. मला फक्त बटण दाबायचं.

आता रंग मी निवडायचे. आणि स्टँडसमोर तो नवा ‘कलर स्टुडिओ’ निघालाय. निम्मी गिऱ्हाइकं तिकडे वळलीच आहेत. हे काम फसलं तर उरलेली पण जातील, आणि कारणासकट जातील!

३ जानेवारी

सगळ्या नाण्यांना पिवळाच द्यावा काय? — छे. पिवळ्यावर होन दिसतच नाही. हे मलासुद्धा कळलं.

५ जानेवारी

युक्ती सुचली! मष्णूच्या मॅचिंग सेंटरात गेलो. ब्लाउजपीसचे जगातले सगळे रंग तिथे एका भिंतीत आहेत. मष्णू हसायला लागला. ‘गडीमाणूस ब्लाउजपीस घ्यायला आला म्हंजे घरात मंडळी रुसली असणार!’

त्याला म्हटलं, दहा-बारा रंगांचे तुकडे दे आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यावर पेन्सिलीनं नाव टाक. ‘कशाला?’ गिऱ्हाइकाला दाखवायला सोपं जातं, म्हटलं. थाप बरी जमली. आता मी राजा! लाल, हिरवा, मोरपंखी, सगळं वाचून सांगता येईल.

वाटेत अण्णांच्या वखारीत डोकावलो. कोणी सदलग्याचा शेतकरी माल घेऊन आला होता. अण्णा पान डोळ्यांनी बघतच नाहीत. चुरगाळतात, नाकाशी नेतात, डोळे मिटतात आणि प्रत सांगून टाकतात. आसपासची माणसं माना डोलवतात. काय हा अधिकार, आणि मी पेन्सिलीच्या चिठ्ठ्यांवर जगणारा!

७ जानेवारी

जयानं तुकडे धुतले!! ‘कोरं कापड, खळ निघाय नगं? भिजत घातलंतं. फोटोत ताठच्या ताठ बरं दिसतंय व्हय?’ दोरीवर बारा तुकडे ओळीनं वाळत होते. कोपरे स्वच्छ. पेन्सिलीचा ठिपकासुद्धा नाही.

म्हटलं, बरं केलंस. दुसरं काय म्हणणार?

९ जानेवारी

उत्तरेच्या खिडकीशी मांडामांड केली. दोन उभ्या विटांवर फ्रेमची काच आडवी ठेवली, काचेवर नाणं, आणि खाली वीतभर अंतरावर कापड. यात नाण्याची सावली कापडावर पडत नाही, आणि कापडाची वीणही पुसट होते. ही माझीच युक्ती. सावली गेली की नाणं जणू हवेत!

शिवराईखाली अंदाजानं एक तुकडा सारला. नाणं दिसेना. म्हणजे आहे तिथेच, पण कापडात बुडालेलं. तुकडा काढणार तेवढ्यात जया चहा घेऊन आली. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, ‘कसं वाटतंय गं?’

‘अगं बाई! हिरव्यावर काय उठून दिसतंय! ह्योच ठेवा.’

तो हिरवा होता हे कळलं, एवढा फायदा. पण उठून? कुठे उठून?

१० जानेवारी

आज भांडण झालं, आणि बरं झालं.

जयाचं म्हणणं खोटं पाडायचं म्हणून काळ्यापांढऱ्या रोलवर हिरव्यासकट शिवराई घेतली आणि लगेच धुऊन पाहिली. नाणं गायब! कापडाचा आणि तांब्याचा करडा रंग एकच. फोटो तिच्या पुढ्यात टाकला. ‘बघ! कुठं हाय तुझं उठून दिसणं?’

‘ह्यो काळापांढरा हाय. रंगीतात दिसंल.’

‘हे काम मी करतोय का तू?’

‘काम तुमचं, खरं डोळं माझं बरं हाईत!’

ती सहज बोलली असेल. मला मात्र वर्मी लागलं. आणि काय झालं कोण जाणे, तोंडातून निघून गेलं — मला लाल-हिरवा कळत नाही, जया, कधीच कळला नाही.

ती हसली नाही. कप खाली ठेवला आणि म्हणाली, ‘मला म्हाईत हाय की.’

‘कवापासनं?’

‘लगीन झालं त्या सालापासनं. बाजारातनं टोमॅटो आणताय, त्यातली निम्मी हिरवी असत्यात. आधी वाटलं, बाजारवाला फसवतोय. मग वाटलं, माझ्यावर राग हाय. मग एकदा तुमी माझ्या हिरव्या लुगड्याला लाल म्हणून नावाजलं, तवा कळलं.’

म्हणजे आमच्या घरी आठवड्यातून एकदा कच्च्या टोमॅटोची चटणी होते, ती त्यामुळे! मला वाटायचं तिला फार आवडते. इतकी वर्षं एका शब्दानं बोलली नाही. मी आडून आडून लपवतोय आणि ती वाटून ताटात वाढतेय! मला रडू आलं. अगदी खरं लिहितो, आलं. तिनं पदर पुढे केला आणि म्हणाली, ‘पुसा. आता उजेड जाईल.’

१३ जानेवारी

दोघांनी मिळून काम चाललंय. कापड ती ठरवते, उजेड मी. हिरव्यावरून मी आणखी एकदा कुरकुरलो, पण शिवराईला हिरवाच ठरला. मला दिसत नसलेलं नाणं मी फोकस करतोय! आधी काचेला खालून चिकटवून वर्तमानपत्र धरायचं, अक्षरं स्पष्ट नाणं स्पष्ट, मग कागद काढून कापड. नाण्याला धक्का लागला तर मेलो, असा श्वास धरून.

राणीछापाला तिनं आधी लाल घेतला. मी म्हटलं, थांब. चांदी म्हणजे आरसा, खालचा रंग कडेवर चढतो. मला तो रंग दिसत नाही, पण कड काळवंडलेली दिसली. ती वाकून बघते तर खरंच, राणीच्या गालावर लाली! हसून हसून बेजार. शेवटी गडद निळा घेतला.

होनाला ती म्हणाली लाल. म्हटलं, लालावर पिवळा होन म्हणजे कानडी झेंडाच, तो बेळगावात नेला तर लोक म्हणतील हा निपाणीचा गडी तिकडे फिरला! ‘मग भगवं घ्या.’ मग कानडी मंडळी डोळे वटारतील. निळा घेतला तर कुणी आपला म्हणेल, हिरवा घेतला तर कुणी त्याचा. आमच्या भागात साधं ब्लाउजपीससुद्धा कुणाच्या तरी बाजूचं असतं! जया म्हणाली, ‘रंगाला काय कळतंय, इचारा त्येला.’ होनाला शेवटी जांभळा मिळाला. जांभळ्यावर अजून कुणी हक्क सांगितलेला नाही.

१४ जानेवारी

संक्रांत. काम बंद. तिळगूळ खाल्ला. टोमॅटो जयानं आणले.

१६ जानेवारी

रोल घेऊन कोल्हापूरला लॅबमध्ये जाऊन आलो. कोगनोळीला सीमेवरच्या नाक्यावर बस थांबली. पिशव्या तपासायला कुणी चढला तर? रोलची डबी उघडून फिल्मला उजेड लागला की सगळं वाया! पोटाशी धरून बसलो. शेजारच्या म्हातारीनं विचारलं, ‘सोनं हाय काय रं?’ व्हय म्हटलं.

२१ जानेवारी

फोटो आले. राणीछाप फक्कड, होन फक्कड, हे माझं मला कळतं. शिवराई तेवढी सगळ्यांत मोठी काढलेली, आणि तीच मला दिसत नाही. मष्णूला दाखवली. ‘आयला! हात लावला तर हातात येईल!’ सोडावाल्याला दाखवली, तोही तेच. जयाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. माझा जीव भांड्यात पडला, निदान निम्मा.

२३ जानेवारी

अण्णा येऊन फोटो बघून गेले. राणीछापाला ‘वा!’ होनाला दोनदा ‘वा!’ शिवराई हातात घेतली. जवळ धरून पाहिली, लांब धरून पाहिली. खिडकीत नेली. मग म्हणाले, ‘बरं हाय. लोकं काय म्हणत्यात बघू.’ आणि गेले. चहाही घेतला नाही.

आवडला नाही! आईच्या कनवटीचं नाणं, आणि तोच फोटो नेमका फसला. माझ्या मनासारखं करायचं तर मी फिकट पिवळ्यावर घेतला असता. पण जयाला हे बोललो नाही. ती आधीच हिरमुसलीय. ‘माझंच चुकलं असंल,’ म्हणून भांडी आपटतेय. मी म्हटलं, चुकलं असेल तर दोघांचं. त्यावर भांडी जरा हळू आपटली.

२६ जानेवारी

उद्या बेळगाव. जया पण येणार म्हणते. ‘शिव्या खायच्या तर दोघांनी खाऊ.’ कुठलं लुगडं नेसू विचारत होती. मला! दोघंही किती वेळ हसलो.

२७ जानेवारी, परतीच्या बसमध्ये. अक्षर हलतंय.

शिवराईपुढची गर्दी हटेना. ‘काय उठलंय नाणं!’ मराठीत आणि कानडीतही. जया खांबाला टेकून सगळं ऐकत होती. जेवणाच्या वेळी माणसं पांगली तेव्हा देवाप्पाअण्णा माझ्या कानाशी आले. एवढ्या बारीक आवाजात ते कधी बोललेले मी ऐकले नव्हते.

‘कल्लाप्पा, कुणाजवळ बोलू नगंस. घरात बी ठावं न्हाय. ह्यात माझ्या आईची शिवराई कुठं हाय रं?’

मी त्यांचं बोट धरलं आणि नाणं जिथं असायला हवं तिथं, काचेवरून सावकाश गोल फिरवलं. ‘ही हितं, अण्णा.’

‘तुला दिसती?’

‘न्हाय,’ म्हटलं.