पेरनेलने खाल्लेली माती

मी एर्मेसांद, रॉशनायचे दिवंगत सरदार अँगेराँ यांची पत्नी, हे माझ्या मागच्यांसाठी लिहून ठेवते. पायांतली शक्ती गेली आहे, डोके मात्र जागेवर आहे. लेखनिक बोलावलेला नाही. मठातल्या भगिनींनी लहानपणी गिरवून घेतलेले अक्षर अजून हातात आहे आणि त्याचा मला अभिमान आहे.

माझा देह आमच्या चर्चमध्ये, अँगेराँचे हृदय ज्या शिशाच्या डबीत आहे तिच्याशेजारी ठेवावा. बाकीचे अँगेराँ इजिप्तमधल्या दमिएत्ताच्या वाळूत आहेत. धर्मयुद्धासाठी खांद्यावर क्रूस शिवून निघालेले या मुलखातले पुष्कळ सरदार वाटेतूनच परतले. माझे यजमान परतले नाहीत. तो क्रूस मी शिवला होता. हृदय आणि तलवार घेऊन आलेला स्वार म्हणाला, "बाईसाहेब, शेवटपर्यंत एक टाका उसवला नाही."

लोकरीचा निळा झगा स्वयंपाकीण गिसला हिला द्यावा. तिच्या कांद्याच्या सुपासाठी, आणि माझ्या दिरांच्या शिकारी कुत्र्यांना कधी हाड न घातल्याबद्दल. प्रार्थनेची पोथी मठाला.

रॉशनायची गढी, नदीकाठची कुरणे आणि द्राक्षमळा माझी मुलगी पेरनेल हिचा. माझे दीर ओबेर यांना हे सारे त्यांच्या मुलासाठी हवे आहे, म्हणून घडले ते लिहिते. निघायच्या सकाळी अँगेराँनी चर्चच्या दारात, साऱ्या गावासमोर, कुरणातले गवतासकट ढेकूळ सुरीने कापले. आमच्याकडे जमीन अशीच हाती देतात. अर्धे माझ्या ओंजळीत ठेवले, अर्धे पेरनेलच्या.

"मी नाही आलो, तर हे तुम्हा दोघींचं," ते म्हणाले.

पेरनेल तेव्हा तीन वर्षांची, सकाळपासून उपाशी. तिने ते सरळ तोंडात घातले. लोक हसले, तेही हसले. त्यांचे ते हसू मी शेवटचे पाहिले.

माझे अर्धे त्या सुरीसह चर्चमध्ये जपलेले आहे. पेरनेलच्या अर्ध्यावरून भाऊजींचे टोमणे अजून चालू आहेत. "वहिनी, जमीन हातात राहावी लागते. पोटात गेलेल्या मातीला कायदा विचारत नाही."

"भाऊजी, हातातलं हिसकावता येतं. पोटातलं कसं काढाल?"

तरी मी गेल्यावर माझ्या मुलीला गढीच्या दारात कोणी अडवू नये. म्हणून अँगेराँची तलवार, जी भाऊजी इतकी वर्षे मागत आले आणि मी दिली नाही, ती त्यांना देते. पण आधी त्यांनी स्वतः, त्याच सुरीने, त्याच कुरणातले ढेकूळ कापून गावासमोर पेरनेलच्या हातात ठेवावे. न ठेवल्यास तलवार माझ्यासोबत पुरावी. पेरनेल क्रूस घेतलेल्या सरदाराची एकुलती लेक आहे. तिने मान ताठ ठेवून ते घ्यावे.

हे वाचून दाखवल्यावर भाऊजींनी एकदा भिंतीवरच्या तलवारीकडे पाहिले. मग लेखणी मागून म्हणाले, "कापतो मी ढेकूळ. पण वहिनी, या खेपेला पोरीला आधी पोटभर जेवू घाला."

हे त्यांचे वाक्य मी मुद्दाम इथे लिहिले आहे.

सही: एर्मेसांद, स्वहस्ते.
साक्षीदार: फादर गोंत्रां, रॉशनाय चर्चचे पुरोहित.
साक्षीदार: ओबेर, अँगेराँचा धाकटा भाऊ.
रॉशनाय, बुर्गुंडी. संत मार्टिनचा सण, सन १२३६.