काळ्या कुत्र्याचा खांदा

आये, तुला अक्षर ओळखू येत नव्हतं, तरी तुलाच लिहायला बसले आहे. सकाळी आमच्या म्हाताऱ्या कुत्रीची पाठ चोळत होते. सून म्हणाली, "आत्या, हे कुठं शिकलात?" मी "आईकडून" एवढंच बोलले. पुढचं सांगवलं नाही.

गुंजवण्याच्या वर, डोंगराच्या कडेला आपली खोपटं आणि मेंढ्यांचा वाडा. त्या साली खालच्या गावात पिसाळलेलं कुत्रं एका वासराला चावलं होतं आणि पुढं ते वासरू फेस गाळत मेलं. माणसाला चावलं असतं तर सुया घ्यायला पुण्याला जावं लागे, मोटार धरायलाच कापूरहोळपर्यंत चालावं लागे, आणि पुढं पुण्यात आपलं होतं कोण? म्हणून आपला काळा कुत्रा दोन दिवस कणगीमागं दडून बसला, पाण्याला तोंड लावीना, जवळ जाईल त्याच्यावर दात काढू लागला, तेव्हा बा कुऱ्हाड घेऊन दारात उभा राहिला.

"भायेर काढा त्याला. पिसाळलंय ते."

"अवं, थांबा की जरा," तू म्हणालीस. "हात लावून बगते."

"येडी का काय तू? पोरं हाईत घरात!"

मला ठाऊक होतं. माझ्या राखणीतल्या दुधात त्यानं तोंड घातलं म्हणून मीच चुलीपुढचं लाकूड उचलून त्याच्या खांद्यावर हाणलं होतं. बारा वर्षांची मी, भिंतीला चिकटून उभी होते.

तू पळीत करंजेल कोमट करतेस. त्याच्याकडे न बघता जमिनीवर बसतेस आणि हात पुढं करतेस. तो गुरगुरतो. तू हात मागं घेत नाहीस, पुढंही नेत नाहीस. बऱ्याच वेळानं बोटं त्याच्या कानामागं जातात, तिथून मानेवर, सावकाश खाली. खांद्याशी पोचताच तो वळून तुझं मनगट दातांत धरतो. बा एक पाऊल आत येतो.

"हलू नगा," तू म्हणतेस. आवाज चढत नाही.

दात रुतत नाहीत. तो मनगट सोडतो. सुजेच्या कडेकडेनं तुझा अंगठा फिरत राहतो, आणि हळूहळू त्याची मान तुझ्या मांडीवर येते.

"पिसाळल्यालं न्हाई हे. मार लागलाय. लाकडाचा वळ हाय." हे सांगताना तू बाच्याकडे नाही, माझ्याकडे बघितलंस. "ये हितं. तेल घे हाताला."

माझा हात लागताच त्याची कातडी थरथरली. "जोर नगं करू," तू म्हणालीस. "त्यो श्वास सोडंल तवा दाब." मी तसंच केलं. तळव्याखालची थरथर थांबायला फार वेळ लागला. बानं कुऱ्हाड बाहेर ठेवली आणि मातीच्या परळात पाणी आणलं. पडल्या पडल्याच तो पाणी प्यायला.

"मारलं कुणी?" बानं विचारलं.

"आसंल कुणीतरी," तू म्हणालीस, आणि पळी घासायला उठलीस.

तो कुत्रा पुढं सहा वर्षं जगला. शेवटपर्यंत माझ्या पायाशी झोपायचा. तू मला त्याबद्दल कधी एक शब्द विचारला नाहीस. पोर घाबरली होती, अजून थोड्या वेळानं बोललीच असती, असं तुला वाटलं असेल.

हा कागद कुठं पाठवायचा नाही, म्हणून लिहिते. आये, मी बोलले नसते. तू मधे बसली नसतीस, तर मी बाला कुऱ्हाड चालवू दिली असती.