गोडी आंबट निघाली त्याची हकीकत

तीर्थरूप बाबांना जावयाचा बसल्या जागेवरून नमस्कार. (वाकायला गेलो तर केबिनमधल्या कपाटात डोकं जातं.) तुमचा रक्तदाब कसा आहे? आईंचा खोकला थांबला का? गोडी माहेरी आल्याचं आमच्या शेजारच्या शिंपीणबाईंनी कळवलं. ती माझा फोन उचलत नाही. आज सामानाची बोट परत जाते आहे, म्हणून घडलं ते तुम्हालाच लिहून धाडतो.

आमचं काम तुम्हाला ठाऊक आहे: समुद्रतळावरचे गरम झरे शोधायचे आणि त्या पाण्याची चव घ्यायची (जिभेने नव्हे, यंत्राने). तळाच्या भेगांतून पाणी आत मुरतं, वितळलेल्या खडकाच्या शेजारी तापतं आणि दगडातलं बरंच काही विरघळवून वर येतं. त्या दुपारी आम्ही दिवे मालवून पडद्यापुढे बसलो होतो. पाण्यात सोडलेला कॅमेरा हळूहळू खाली उतरत होता. बराच वेळ नुसता काळोख, त्यात भुरभुरणारे पांढरे कण, आमच्याखाली डुलणारं जहाज; मी जागा आहे की झोपेत, मलाच कळेना. आणि मग तो झरा दिसला. पांढरा धूर, दुधावर फुंकर घातल्यावर साय सरकावी तसा वळत जाणारा. भोवती शिंपल्यांची दाटी, आणि मधूनच वायूचे बुडबुडे, मुळीच घाई नसलेले, वर निघालेले. प्रमुखबाईंनी (आमच्या मोहिमेच्या मुख्य, एरवी फार कडक) अगदी हळू विचारलं, नाव काय द्यायचं? माझ्या तोंडून निघून गेलं, "गोडी." तुम्ही लेकीला लाडाने ठेवलेलं नाव, बाबा; त्या क्षणी मला दुसरं नावच आठवेना. बाईंनी ते नकाशावर चढवलं.

मग पाण्याचा नमुना वर आला आणि माझे ग्रह फिरले. त्याचं असं आहे, खालचा शिलारस (तोच वितळलेला खडक) सगळीकडे सारखा नसतो. कुठे त्यात वायू कमी. तिथला झरा सभ्य. गोडीखालचा मात्र पोटात पाणी आणि गंधकाचे वायू भरून आलेला. वर येताना दाब उतरतो, सोड्याच्या बाटलीचं बूच उघडावं तसे वायू सुटतात आणि थेट झऱ्यात मिसळतात. ते पाणी लिंबालाही लाजवतं. मी बाटली उघडली, तर असा वास पसरला की आचाऱ्याने आपलीच अंडी नासली समजून सगळी समुद्रात फेकली. तेव्हापासून आम्ही सकाळी कोरडा पाव चावतो आहोत आणि सगळे माझ्याकडे बघतात.

तेही चाललं असतं. पण मोहिमेचा रोजचा अहवाल घरच्यांनाही वाचता येतो, आणि तो लिहितो मी. झऱ्याबद्दल म्हणून मी भाबडेपणाने लिहीत गेलो: गोडी अपेक्षेपेक्षा फारच आंबट निघाली. गोडीजवळ गेलं की यंत्रं गंजतात. आज गोडीचा वास जरा कमी आहे. गोडीच्या पोटात काय खदखदतंय ते कळत नाही, तूर्त दुरूनच लक्ष ठेवून आहोत. हे शेवटचं वाचून तिचा फोन आला. शांतपणे विचारलं, "दुरूनच ना?" आणि ठेवला.

बाबा, मी अजून रोज त्या पडद्यापुढे बसतो. त्या आंबट पाण्याच्या अगदी कडेला जीव खेटून राहतात. वायूंवर सूक्ष्म जंतू जगतात, जंतूंवर बाकी सगळे. पलीकडे एक सभ्य झरा आहे, नितळ, निर्धोक. तिथे फारसं कुणी फिरकत नाही. हे अहवालात लिहायचं राहून गेलं.

तुमचा,
लांबचा जावई

ता. क. : प्रमुखबाई नाव बदलायला तयार होत्या. मीच नको म्हणालो.

दुसरा ता. क. : हे पत्र वाचून झालं की घडी घालू नका. चष्मा शोधायला उठल्यासारखं करा आणि टेबलावर उघडंच राहू द्या. तिच्या नावाने आलेलं ती फाडून टाकेल. तुमच्या नावाने आलेलं वाचल्यावाचून राहणार नाही.

तिसरा ता. क. : गोडी, बाबा दाराआड उभे असतील. त्यांना आत बोलाव, खुर्ची दे, आणि फोन उचल.